ग्राफिक डिझाइनच्या प्रवेशाचा पोर्टफोलिओ: हिरोंची पोर्ट्रेट्स, मंडलं आणि एसटी स्टँड

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारी मुलगी इचलकरंजीची, बारावी सायन्स नुकतंच सुरू झालंय, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, दोन्हींत ए ग्रेड. ग्राफिक डिझाइनला ‘शक्यतो पुण्यात’ जायचं आहे. हाताशी असलेलं काम म्हणजे पेन्सिलीने केलेली नट-नट्यांची पोर्ट्रेट्स, बरीचशी मंडलं (गोलात भरलेली नक्षी), ‘पाणी वाचवा’ची दोन पोस्टरं आणि कॅनव्हावर केलेल्या वाढदिवसाच्या, गणपतीच्या पोस्ट. तिला हवं आहे ते असं: पोर्टफोलिओत, म्हणजे प्रवेशाला दाखवायच्या निवडक कामांच्या फायलीत, किती आणि कोणती कामं ठेवू, सॉफ्टवेअर येत नाही तर चालेल का, शिक्षण मराठी माध्यमातून झालंय तर मुलाखतीचं काय, आणि एक क्लास 60 हजारांत ‘तयार पोर्टफोलिओ’ करून देतो म्हणतो, तो लावू का.

मी ग्राफिक डिझायनर आहे. उपयोजित कला शिकले, स्वतःची कामं करते, सोबत शिकवायला जाते आणि प्रवेशाच्या दिवसांत पोर्टफोलिओ बघणाऱ्यांच्या टेबलालाही बसते. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत बोलते, राग मानू नकोस.

‘किती’ आणि ‘कोणती’ हे तू विचारलंस, पण खरी अडचण निराळी आहे. तू सांगितलेल्या ढिगातलं कुठलंही काम समोर आलं तर मला एकच प्रश्न सुचेल: ‘याला किती वेळ लागला?’ तू म्हणशील, दोन रात्री. झालं, बोलणं संपलं. टेबलामागच्या माणसांना खरं तर बोलणं वाढवायचं असतं. हे का निवडलंस? आधी काय केलं होतंस आणि ते का टाकून दिलंस? हे कोण वाचणार आहे, त्याला वाचता आलं का? ज्या कामाला हे तीन प्रश्न विचारता येतात आणि तुझ्याकडे त्यांची उत्तरं असतात, ते काम आत. उरलेलं कितीही देखणं असो, त्यातून एवढंच कळतं की हात चांगला आहे. हात तर आम्ही चार वर्षं बसवून तयार करून घेतोच. बघायची आणि ठरवायची सवय मात्र येताना थोडी तरी सोबत असावी लागते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते बघू, कारण तुला कदाचित पोर्टफोलिओ लागणारच नाही. मुंबई आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, किंवा दुसऱ्या आयआयटींमध्ये बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, करायची असेल तर यूसीड ही परीक्षा असते. त्यात भाग अ संगणकावर, भाग ब हाताने चित्र काढायचा. पोर्टफोलिओ कुणी मागत नाही. राज्यातल्या कला महाविद्यालयांत उपयोजित कलेच्या पदवीसाठी (बी.एफ.ए.) जी सीईटी होते तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असतं. इंटरमिजिएटला घासलेला हात तिथे थेट कामाला येईल, आणि पोर्टफोलिओ तिथेही नाही. मुंबईचं जे.जे. 2023 मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, त्यामुळे तिथले नियम वेगळे काढून वाच. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) पदवीला सगळा भर प्रिलिम्स आणि मेन्स या परीक्षेच्या दोन टप्प्यांवर असतो. पोर्टफोलिओ उघडून बसायची वेळ येते ती पदव्युत्तर एम.डेस.च्या मुलाखतीला. पुण्यात सिंबायोसिससारख्या खासगी संस्थांमध्ये मात्र आधी प्रवेश परीक्षा आणि ती पार पडली की पोर्टफोलिओ घेऊन समोरासमोर बोलणं, असा क्रम असतो. नियम दरवर्षी थोडेफार सरकतात. त्यामुळे ज्या वर्षी अर्ज भरशील त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः, पहिल्या पानापासून वाच. मैत्रिणीच्या भावाने सांगितलेलं बहुतेक वेळा मागच्या वर्षीचं असतं.

इथून पुढचं सगळं, पोर्टफोलिओ लागणार आहे असं धरून.

पोर्ट्रेट्सपासून सुरुवात करते, कारण ती काढून टाकायला तुझ्या जिवावर येईल. फोटोवरून हिरो काढताना निम्मी कामगिरी फोटोग्राफरने आधीच करून ठेवलेली असते. उजेड कुठून घ्यायचा, चेहरा कुठे कापायचा, मागचं काय धूसर करायचं, हे सगळं त्याने ठरवलं. तू ते चिकाटीने उतरवलंस. चिकाटी दिसते, पण तू काय बघितलंस ते दिसत नाही. शिवाय प्रवेशाच्या दिवशी त्याच हिरोचा तोच फोटो आमच्या टेबलावर दुसऱ्या कुणाच्या तरी फायलीतून येऊन गेलेला असतो. मंडलांचंही तसंच. मी तुझ्या जागी असते तर दोन्हींतलं एकही ठेवलं नसतं. अगदीच राहवत नसेल तर एक पोर्ट्रेट ठेव, पण फाइलच्या सुरुवातीला नको.

त्या जागी समोर बसून काढलेली चित्रं हवीत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये वर्षानुवर्षं प्रत्येक अर्जदाराला सायकलचं चित्र काढून पाठवावं लागायचं. विषय साधा वाटतो ना? आत्ता समोर सायकल नसताना काढून बघ. चेन कुठून कुठे जाते, सीटखालची नळी खाली नेमकी कुठे मिळते, पुढचं चाक कशात धरलेलं असतं, इथे भलेभले अडकतात. आयुष्यभर बघितलेली वस्तू आपण खरं म्हणजे बघितलेलीच नसते, हे त्या एका चित्रात उघडं पडतं. तुझ्या गावात सायकलीपेक्षा भारी गोष्ट आहे. घरच्या किंवा ओळखीच्या कारखान्यात जाऊन यंत्रमागासमोर बस. अख्खा माग एका बैठकीत काढायला जाऊ नकोस, गोंधळ होईल. धोटा काढ, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारं शटल. आतली धाग्याची कांडी संपल्यावर कामगार धोटा बाहेर काढतो, रिकामी कांडी टाकतो, नवी बसवतो, धागा ओवून घेतो; या हालचालीतले हातच फक्त काढ, एकाच कागदावर पाच-सहा टप्पे. दुसऱ्या दिवशी परत तेच काढ. नवे शटललेस (धोट्याशिवाय चालणारे) माग आणि जुने साधे माग यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचं अंग कसं वेगळं वळतं तेही टिपता येईल. रेघा थरथरल्या तरी चालतं. चित्र खोडून खोडून गुळगुळीत केलेलं नसावं एवढंच. घरी आजी ज्वारी निवडत बसलेली, वर्गातल्या पोरी पाठमोऱ्या, रसवंतीवाल्याचं यंत्र, काहीही चालेल. रोज वीस मिनिटं, साध्या वहीत. पोर्टफोलिओत यातली तीन-चार पानं जातात, आणि वही तशीच्या तशी सोबत न्यायची. मागून मुद्दाम सजवलेली वही लगेच ओळखू येते.

पण चित्रं काढता येणं म्हणजे ग्राफिक डिझाइन नव्हे. इथे कुणीतरी काहीतरी वाचणार असतं, शोधणार असतं, त्याला ते सापडायला हवं. हे दाखवणारं किमान एक काम तुझ्या फायलीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडलेलं हवं. उदाहरणादाखल एक सांगते.

एसटी स्टँडवर एक सकाळ जाऊन चौकशीच्या खिडकीजवळ बस. वेळापत्रकाचा फलक भिंतीवर आहे, तरी लोक वाहतूक नियंत्रकालाच का विचारतात? प्रत्येकाने काय विचारलं ते वहीत लिहीत जा, शब्दशः. ‘कोल्हापूर लागलीय का?’, ‘मिरज कुठं लागती?’, ‘सांगली विनाथांबा हाय का?’, ‘शेवटची गाडी किती वाजता?’ मग घरी येऊन मोज. समजा, वेळेपेक्षा फलाटाचीच चौकशी जास्त निघाली. फलकावर मात्र वेळ ठळक आणि फलाट कोपऱ्यात बारीक, किंवा नाहीच. मग तुझा प्रश्न तुला सापडला. तो गावकऱ्यांनी तुला दिला, तू घरबसल्या कल्पनेने काढला नाहीस, आणि मुलाखतीत याच फरकाला वजन असतं.

आता त्याच माहितीची मांडणी दोन-तीन प्रकारांनी करून बघ. एक, वेळेच्या क्रमाने. दुसरी, गावाच्या नावाने, म्हणजे ज्याला मिरजेला जायचंय त्याला मिरजेच्याच ओळीत सगळ्या गाड्या मिळतील. तिसरी, फलाटाप्रमाणे. कागदावर हाताने, पट्टी-पेन्सिलीने. प्रत्येकीत काहीतरी जमेल आणि काहीतरी फसेल. गावाच्या नावाने मांडलं तर मधल्या थांब्यांचं काय करायचं? कोल्हापूरच्या गाडीने हातकणंगल्यालाही उतरता येतं, मग हातकणंगल्याची वेगळी ओळ द्यायची का? असे प्रश्न पडायला लागले की समज, तू डिझाइन करते आहेस.

मग अक्षराचा आकार. पाट्या करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की 10 फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर 1 इंच उंच हवं. तो रोमन कॅपिटल अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात, आणि लांबून सगळ्यात आधी तेच एकमेकांत मिसळतात. म्हणून ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते आणि अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजू द्यायच्या नसतात. एक ओळ खऱ्या मापात कार्ट्रिज कागदावर रंगव, गच्चीच्या कठड्याला लाव, दहा पावलं मागे जा. मग चष्मा घरी विसरलेल्या एखाद्या आजोबांना वाचायला लाव. जिथे अडखळले तिथे खूण कर आणि परत रंगव.

फायलीत हे सगळं चार-पाच पानांत येईल: जुन्या फलकाचा फोटो, प्रश्न टिपलेलं वहीचं पान जसंच्या तसं, सोडून दिलेल्या मांडण्या, खऱ्या मापातल्या ओळीचा फोटो, शेवटची मांडणी. अख्ख्या टेबलाला त्यावर पंधरा मिनिटं बोलता येईल. आणि तू बोलशील ते पाठ केलेलं नसेल, कारण स्टँडवर तू खरंच बसली होतीस.

स्टँडच हवं असं काही नाही. उलट हे वाचून दहा जणींनी स्टँडच केलं तर माझीच पंचाईत. तुझ्या ‘पाणी वाचवा’ पोस्टरांकडे बघ. रडणारी पृथ्वी आणि गळका नळ शाळेच्या स्पर्धेत चालतो. इचलकरंजीत मात्र पंचगंगेच्या प्रदूषणाचा आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न लहान पोरांनाही माहीत आहे. तुमच्या गल्लीत पाणी कधी येतं, किती वेळ टिकतं, धार कशी असते, हे महिनाभर रोज टिपून ठेव आणि मग त्याचं एकच मोठं चित्र कर: आडवे दिवस, उभे तास, पाणी आलं तेवढा भाग निळा. कोरडे दिवस आपोआप पांढरे पडतील. वर घोषणा लिहू नकोस, गरज पडणार नाही.

तिसरं काम अक्षरांचं करावंस, आणि यावर मी जरा हट्टी आहे. मराठी माध्यमातून आलीस याची तुला धास्ती वाटते, पण देवनागरी तुझ्या हातात आहे, आणि ज्यांनी ती फक्त दुसरी-तिसरी भाषा म्हणून लिहिली त्यांच्या हातात ती तशी नसते. आपल्याकडे या कामाची परंपरा मोठी आहे. 1869 साली सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपांचं नाव आजही घेतात. र. कृ. जोशींनी जाहिरातीत काम केलं, आयडीसीत शिकवलं, आणि विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो मंगल फॉन्ट बघत आलो तो त्यांचा. कमल शेडगेंनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नावं अशी लिहिली की नाटकाचा बाज अक्षरांतच कळायचा. अच्युत पालवांचं सुलेखन तू बघितलं असशीलच. आणि ‘एक टाइप’ या मुंबईच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता, बालू, मोदक हे फॉन्ट तर फुकट मिळतात, आजच उतरवून घे. तिन्हींत ‘श्री’ टाइप कर आणि शेजारीशेजारी ठेवून बघत बस. एकाच अक्षराचा स्वभाव तीन ठिकाणी कसा बदलतो ते दिसेल.

मग बाजारात जा आणि एकच अक्षर धर. ल घे किंवा श. मराठीसाठी शासनाने पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलेला आहे, पण दुकानांच्या पाट्यांवर हिंदी वळणाचे ल-श सर्रास सापडतात, कारण फॉन्ट तसा येतो. पेंटरने हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्यांवर वेगळंच काही मिळेल. कारखान्यांच्या फाटकांवर, टेम्पोच्या मागे, ट्रकच्या कपाळावर, देवळाच्या देणगीदारांच्या फरशीवर बघ. सीमेच्या बाजूला गेलीस तर शेजारी कन्नड पाट्याही दिसतील. मराठी आणि कन्नड दोन्ही रंगवणाऱ्या हाताची वळणं तिथे एकमेकांत शिरलीत का ते शोध. पाच-पन्नास फोटो जमले की त्यांची वर्गवारी कर आणि एका पानावर मांड. पुढच्या पानावर स्वतः एक शब्द रेखाट, कट निबने किंवा बोरूने, नसेल तर दोन पेन्सिली रबरबँडने बांधून. शब्द गावातलाच घे. ‘सायझिंग’ (सुताला खळ द्यायचं काम) घेतलास तर य, झ आणि अनुस्वार तुला बरंच काही शिकवतील.

सॉफ्टवेअरचं सांगते. बारावीनंतरच्या प्रवेशाला फोटोशॉप-इलस्ट्रेटर येत नाही म्हणून कुणाला बाहेर काढलेलं मी तरी बघितलेलं नाही. तासाभरात शिकता येण्याजोगं बरंच असतं, बाकीचं पहिल्या वर्षी होतं. हात शिवशिवत असतील तर इंकस्केप आणि क्रिता फुकट आहेत. कॅनव्हाच्या पोस्ट मात्र काढून टाक. टेम्प्लेट आम्हालाही दिसतात, आणि मग ‘यातलं तुझं काय?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. एआयने केलेल्या प्रतिमांचंही तेच, उलट तिथे प्रश्न अधिक टोकदार येतो. संस्थेने त्याबद्दल नियम दिला असेल तर तो काटेकोर पाळ. दिला नसेल आणि कुठे वापर केलाच, तर त्या पानावर स्पष्ट लिही. विचारल्यावर कबूल करणं वेगळं दिसतं.

कच्चं काम दाखवावं असं सगळे सांगतात, आणि म्हणूनच एक नवीन रोग आला आहे. मुलं आधी शेवटचं काम करतात आणि मग त्याच्या आधीची म्हणून दाखवायला कच्ची रेखाटनं ‘तयार’ करतात. एकाच पेनाने, एकाच मापाच्या चौकटीत, तीन नीटनेटकी चित्रं, आणि त्यातलं तिसरं नेमकं निवडलेलं. खरं कच्चं काम असं नसतं. त्यात पेनं बदललेली असतात, एखादा विचार फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर असतो, मध्येच कुणाचा तरी फोन नंबर असतो, आणि सगळ्यात बरी कल्पना कधीकधी दुसऱ्याच दिवशी टाकून दिलेली असते. तेच पान फोटो काढून लाव. नंबर तेवढा झाकून टाक.

आता तू विचारलेला आकडा. संस्थेने दिला असेल तर तोच. ऱ्होड आयलंडवाले 12 ते 20 कामं मागतात. काही सांगितलं नसेल तर मी 12 ते 15वर थांबेन, आणि त्यात वर सांगितलंय तशी उलगडलेली दोन किंवा तीन. बाकी निरीक्षणाची रेखाटनं, एखादं रंगकाम, आणि एखादी अशी गोष्ट जी डिझाइन वाटतच नाही पण तू मनापासून केलीस: गोधडी, आकाशकंदील, गणपतीची आरास, भावाच्या वह्यांची कव्हरं, काहीही. इंटरमिजिएटचं एखादं संकल्पचित्र चांगलं असेल तर जरूर ठेव, फक्त विषय परीक्षेचा होता हे लिही. सुरुवातीला असं काम ठेव ज्यावर समोरच्याला प्रश्न विचारावासा वाटेल. माझ्या मते ते सगळ्यात सुंदर काम असायलाच हवं असं नाही. कमकुवत पान ‘भरती’ म्हणून ठेवलंस तर बोट नेमकं तिथेच येतं.

मांडणी साधी ठेव. एका पानावर एक काम, पांढरी जागा भरपूर, बॉर्डर-फुलं-सावल्या नकोत. अख्ख्या फायलीत एकच फॉन्ट, दोन आकारांत. पोर्टफोलिओची पानं तू कशी लावलीस, हेही ग्राफिक डिझाइनच आहे आणि ते टेबलावर न बोलता तपासलं जातं. प्रत्येक कामाखाली दोन ओळी: काय शोधत होतीस, कशाने केलंस, मूळ माप किती, कुणाची मदत घेतलीस. फोटो सकाळी खिडकीजवळ काढ, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाला समांतर. कागद भिंतीला लावून काढलास तर कडा वाकड्या येत नाहीत. पीडीएफ मागितली असेल तर फाइलची मर्यादा आधी बघ. ती ओलांडल्यामुळे शेवटच्या रात्री घाईघाईने चित्रं दाबली जातात आणि बारीक अक्षरं फुटतात. प्रत्यक्ष न्यायचं असेल तर ए3चं साधं फोल्डर पुरतं. मोठी कामं गुंडाळी करून नेऊ नकोस, टेबलावर ती सारखी परत गुंडाळत राहतात.

भाषेचं. कामाखालच्या ओळी इंग्रजीत लिही, कारण बहुतेक डिझाइन संस्थांचा कारभार इंग्रजीत चालतो. पण त्या तुझ्या इंग्रजीत असू देत. छोटी वाक्यं, शुद्धलेखन तपासलेलं. नेटवरून उचललेला भारदस्त परिच्छेद मुलाखतीत गोत्यात आणतो, कारण त्यातल्याच एखाद्या शब्दाचा अर्थ कुणीतरी विचारतं. बोलताना अडलं तर सरळ विचार, मराठीत किंवा हिंदीत सांगू का. टेबलामागे कुणीतरी समजणारं असेल का, हे संस्थेवर आणि त्या दिवसावर आहे. पण अडखळत का होईना, स्वतःच्या कामाबद्दल बोलणारी मुलगी आणि सफाईने पाठ म्हणणारी मुलगी यांतली पहिली लक्षात राहते. घरी सराव कर: बहिणीला किंवा मैत्रिणीला फाइल दे आणि प्रत्येक पानावर तीनदा ‘का?’ विचारायला सांग. तिसऱ्या ‘का’ला गप्प झालीस तर ते पान बाहेर काढ, नाहीतर त्यावर परत काम कर.

वेळेचं गणित बोर्डाच्या परीक्षेभोवती लावावं लागेल. यूसीड जानेवारीत असते, बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून रोजची वही आत्तापासून, पाण्याची नोंद आणि पाट्यांचे फोटो जाता-येता, स्टँडसारखं मोठं काम दिवाळीच्या सुट्टीत. बोर्ड संपल्यावर नवीन काही सुरू न करता फोटो काढणं, मांडणी आणि बोलण्याचा सराव. सायन्सचा अभ्यास सोडून हे कर, असं मी म्हणणार नाही. बारावीच्या गुणांची अट काय आहे तेही माहितीपत्रकातच बघ.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: संस्था आणि तिचे नियम आधी, हिरो आणि मंडलं बाहेर, समोर बसून काढलेली रेखाटनं आत, गावातल्या खऱ्या अडचणीवरची दोन-तीन उलगडलेली कामं, त्यात एक देवनागरीचं, खरं कच्चं काम, साधी मांडणी.

राहिला क्लास. क्लास वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. लेखी परीक्षेच्या सरावाला काहींचा उपयोग होतो, आणि दर आठवड्याला तुझं काम बघून खरं बोलणारं माणूस मिळत असेल तर त्याला पैसे द्यावेत. पण ‘तयार पोर्टफोलिओ’ हे शब्द ऐकले की मी सावध होते. एकाच बॅचची पाच मुलं एकाच सकाळी येतात आणि पाचही फायलींत तीच पाण्याची बाटली, तोच चहाच्या ब्रँडचा लोगो, तेच रंगचक्र असतं. त्या मुलांत एखादं खरंच हुशार असतं, पण तीच पानं चार वेळा बघून झालेली असल्यामुळे त्याला ते सिद्ध करायला दुप्पट मेहनत पडते. तेव्हा पैसे भरण्याआधी बाबांना घेऊन क्लासमध्ये जा आणि मागच्या वर्षीच्या तीन विद्यार्थ्यांच्या फायली बघायला माग. दाखवायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिर. दाखवल्या, तर तिन्ही शेजारीशेजारी उघड आणि नावं झाकून बघ. कुठली कुणाची हे सांगता आलं, म्हणजे तीन मुलं वेगळी दिसली, तर त्यांच्याशी फीबद्दल बोलायला हरकत नाही. तिन्ही एकाच हाताच्या वाटल्या तर 60 हजार घरीच राहू देत. त्यातल्या थोड्या पैशांत कार्ट्रिजचे कागद, पोस्टर कलर, दोन कट निब आणि पुण्यातल्या कॉलेजांची वार्षिक प्रदर्शनं बघून यायचं एसटीचं तिकीट येतं. प्रदर्शनात गेलीस की शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यांचा प्रवेशाच्या वेळचा पोर्टफोलिओ दाखवायला सांग. हसत हसत दाखवतात, आणि त्यातलं कुठलं पान आज काढून टाकतील तेही सांगतात.